'पॅसिव्ह कन्सेंट'ला मराठीत काय म्हणावं?

टाकबोरू: शाळेतल्या सर्वेक्षणाचं पालकांना जाणारं पत्र मराठीत करते आहे. आठवी-नववीच्या मुलांना झोप, मोबाइल, तंबाखू, घरातली भांडणं असे प्रश्न आहेत. मसुद्यात दोन पर्याय आहेत. 'अ‍ॅक्टिव्ह कन्सेंट' म्हणजे सही आली तरच मुलाला प्रश्नावली द्यायची. 'पॅसिव्ह' म्हणजे पालकांनी 'नको' कळवलं नाही, तर द्यायचीच. पहिल्याला 'लेखी संमती' चालेल. दुसऱ्याला मी 'मूक संमती' लिहिलं होतं, तपासनिसांनी 'गृहीत संमती' केलं. कोणतं ठेवू?

उंबरठा: गृहीत. 'मौनं सम्मतिलक्षणम्' तोंडात बसलंय म्हणून 'मूक' बरं वाटतं. पण गप्प राहायला आधी गोष्ट कानावर यावी लागते. पत्र दप्तराच्या तळाशी चुरगळलं, तर आईवडील गप्प नसतात, त्यांना पत्ताच नसतो. शिवाय 'गृहीत' म्हटलं की धरणारी शाळा आहे हे उघड होतं.

काना-मात्रा: माझा आक्षेप 'संमती'लाच आहे. सम् आणि मती, दोघांची मती जुळली तर संमती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम 6 नुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी, माहिती घेऊन, बिनशर्त आणि स्पष्ट होकारार्थी कृतीने दिलेली हवी. कलम 9 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलांसाठी ती पालकांची, आणि पडताळता येईल अशी. उत्तर न देणं ही होकारार्थी कृती कशी होईल? 'हरकत न कळवल्यास सहभाग' असं सरळ लिहा.

टिपणवही: कागदी प्रश्नावली त्या कायद्याबाहेर राहते, पण तीच संगणकात भरली की आत येते. बाकी 'हरकत' पटलं. अरबीत तो शब्द 'हालचाल', आपल्याकडे येऊन 'आडकाठी' झाला, आणि 'ना-हरकत' कोणाला समजावावं लागत नाही. अमेरिकेच्या 1978 च्या कायद्यातही हा फरक आहे. राजकीय मतं, मानसिक अडचणी, लैंगिक वर्तन, उत्पन्न अशा आठ विषयांवर शिक्षण खात्याच्या पैशाने सक्तीचं सर्वेक्षण असेल, तर लेखी पूर्वसंमती लागते. त्या विषयांवरच्या इतर सर्वेक्षणांत पालकांना आधी कळवायचं आणि मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा द्यायची. त्या मुभेला तिथे संमती म्हणत नाहीत.

काना-मात्रा: मुभा उत्तम. एक राहिलं, मसुद्यात 'डेटा' असेल तर 'विदा' करा. शब्द घडलेला आहे, वापरला नाही तर रुजणार कसा?

उंबरठा: पालकांच्या पत्रात नको! 'विदा' वाचून निम्मे लोक निरोपाचा समारंभ समजतील. शब्द रुजवायला लेख आहेत, मासिकं आहेत. सहीच्या कागदावर नाही.

काना-मात्रा: हाच न्याय लावला असता तर 'दिनांक' आणि 'महापौर'ही रुजले नसते.

खडूफळा: दोन्ही नकोत. काय गोळा करणार ते लिहा: नाव, हजेरी क्रमांक, जन्मतारीख, उत्तरं. यादी दिली की सामान्यनाम लागतच नाही.

खरा घोळ दुसऱ्या शब्दाचा आहे. अशा पत्रांत 'सर्वेक्षण निनावी व गोपनीय आहे' हे वाक्य हमखास असतं. निनावी म्हणजे उत्तर कोणाचं ते कोणालाच सांगता येणार नाही. गोपनीय म्हणजे सांगता येतं, पण सांगणार नाही. कोपऱ्यात हजेरी क्रमांक असला की निनावीपण संपलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये ईमेल नोंदवण्याची खूण चालू राहिली, तरी तेच. नाव काढलं तरी वर्ग, जन्मतारीख आणि लिंग मिळून चाळिसांच्या तुकडीत बहुतेक मुलं ओळखू येतात. म्हणून जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेलं वय विचारा, आणि ज्या गटात चार-पाचच मुलं असतील त्याचे आकडे वेगळे छापू नका. अशा पत्रांत 'संमती केव्हाही मागे घेता येईल' असंही लिहिलेलं असतं. खरंच निनावी असेल, तर जमा झालेल्या गठ्ठ्यातून त्या मुलाचा कागद शोधणार कसा? 'प्रश्नावली जमा करेपर्यंत' असं लिहा. किंवा सांकेतिक क्रमांक द्या, नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा, ती कधी नष्ट करणार ती तारीख लिहा, आणि मग 'निनावी' शब्द काढून टाका.

टाकबोरू: मसुद्यात दोन्ही वाक्यं आहेत, आणि हजेरी क्रमांकही. आयोजकांना कळवते. पण 'पॅसिव्ह'चं काय ठरलं?

टिपणवही: त्याआधी, मुलाला विचारणार ना? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 7 ते 12 वयाच्या मुलांचा तोंडी आणि 12 ते 18 च्या मुलांचा लेखी होकार लागतो, तोही पालकांच्या संमतीच्या जोडीला, वेगळा. तिकडे 'असेंट' (मुलाचा होकार) आणि 'कन्सेंट' (पालकांची संमती) वेगळे आहेत. आपल्याकडे मुलासाठी 'रुकार' घ्यावा.

उंबरठा: रुकार आता कोण बोलतं? चौदा वर्षांच्या मुलाला 'होकार' कळतो.

काना-मात्रा: 'होकार' लग्नाच्या बोलण्यांनी व्यापलाय. रुकारात मान डोलावणं आहे, मुलाकडून तेवढंच हवंय.

खडूफळा: मान डोलावणं पुरत नाही, म्हणून तर लेखी मागतात. बाई समोर उभ्या असताना वर्गातली सगळीच मुलं माना डोलावतात. मुलाच्या कागदावर 'मला भाग घ्यायचा आहे' आणि 'मला भाग घ्यायचा नाही' असे सारख्या आकाराचे दोन चौकोन ठेवा, आणि कागद वर्गशिक्षकांऐवजी दुसऱ्या कोणी गोळा करावेत.

काना-मात्रा: चौकोनांवर मथळा लागेलच ना? 'रुकार' लिहा.