'दावेदार' की 'आव्हानवीर'? सॅम लँगफर्डला काय म्हणावं

खडूफळा :
एका दिवाळी अंकासाठी सॅम लँगफर्ड या मुष्टियोद्ध्यावर लेख लिहिते आहे. वाचलेलं सगळं साहित्य इंग्रजी, आणि त्यात त्याच्या नावाला 'कंटेंडर' हे विशेषण चिकटलेलंच असतं. मी 'दावेदार' लिहिलं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'आव्हानवीर' केलं. त्यांच्या मते 'दावेदार' राजकारणातला आहे, मुख्यमंत्रिपदाचा दावेदार, तिकिटाचा दावेदार. खेळाच्या पानावर 'आव्हानवीर' रुळला आहे. माझी अडचण अशी की आव्हानवीर म्हटलं की त्याची जगज्जेत्याशी लढत ठरलेली असते. लँगफर्डची ती कधीच ठरली नाही. जॅक जॉन्सन 1908 मध्ये सिडनीत हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, जगज्जेता झाला आणि 1915 मध्ये हवानात हरला. या सगळ्या काळात लँगफर्ड लढत मागत राहिला आणि जॉन्सनने किताबासाठी एकदाही त्याच्याशी दोन हात केले नाहीत. जे त्याला मिळूच दिलं नाही ते मी शब्दात कसं देऊ? तुम्ही कोणता शब्द वापराल?

मिरजकर :
आमच्याकडे तालमीत याला सरळ 'जोड' म्हणतात. 'त्याला जोड मिळंना', 'ह्या दोघांची जोड लावा'. वस्ताद दोन पैलवान बघून जोड ठरवतो, मगच कुस्ती. तुमचा लँगफर्ड जॉन्सनची जोड होता आणि ती लावली गेली नाही. एवढं लिहा की. आव्हान, दावा ही कागदावरची भाषा झाली.

शब्दवेल्हाळ :
'आव्हान' हाच शब्द मुळात घसरलेला आहे. संस्कृत 'आह्वान', म्हणजे हाक देणे, ललकारणे. मराठीत 'ह्व'चा 'व्ह' झाला आणि आता लोक 'आवाहन' आणि 'आव्हान' यांची सर्रास अदलाबदल करतात. रक्तदानाचे 'आव्हान' केल्याचे फलक मी पाहिले आहेत. 'दावेदार' तर अरबी 'दावा' आणि फारसी 'दार' यांची जोडणी. सावरकरांनी 'मेयर'ला 'महापौर' दिला आणि तो टिकला. इथेही 'विजेतेपदाकांक्षी' घडवता येईल. निदान अर्थ तरी नेमका आहे.

आलापिनी :
'विजेतेपदाकांक्षी' उच्चारून होईपर्यंत पहिली फेरी संपेल. आणि परकीय म्हणून 'दावेदार' काढायचा तर 'किताब' काढा, 'पैलवान' काढा, 'वस्ताद' काढा, 'तालीम' काढा. कुस्तीची अर्धी मराठी जाईल. 'उमेदवार'ही फारसीच, आणि आपण तो रोज वापरतो.

खडूफळाताई, बुद्धिबळात ही भेदरेषा स्पष्ट आहे. कँडिडेट्स स्पर्धा खेळतात ते सगळे इच्छुक. जो जिंकतो तो एकटा आव्हानवीर. 2024 मध्ये गुकेश टोरांटोची स्पर्धा जिंकला तेव्हाच मराठी वर्तमानपत्रांत तो जगज्जेत्या डिंग लिरेनचा 'आव्हानवीर' झाला. त्याच्या आदल्या दिवशी नव्हता. म्हणजे तुमचं बरोबर आहे, संपादकांनी अर्थ बदलला. फक्त बुद्धिबळात ती पायरी चढायला एक स्पर्धा असते. लँगफर्डच्या काळात ती पायरी जगज्जेता आणि पैसा लावणारे यांच्या मर्जीत होती.

खडूफळा :
हो, आणि 'दावेदार' मला आणखी एका कारणासाठी हवा आहे. त्याचा दावा नुसता गुणवत्तेचा नव्हता. जॉन्सन सिडनीला जाण्याआधी लढती भरवणाऱ्या लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबशी त्याचं ठरलं होतं, की किताब मिळाला तर परत येऊन लँगफर्डशी लढायचं. किताब मिळाल्यावर त्याने शब्द फिरवला. 1909 च्या मे महिन्यात लँगफर्ड लंडनला गेला तेव्हा समोर जॉन्सनऐवजी इंग्लंडचा आयर्न हेग उभा केला गेला. त्याला लँगफर्डने चौथ्या फेरीत झोपवलं. कोर्टात ज्या अर्थाने दावा असतो, जवळजवळ त्या अर्थाने हा दावा होता.

मिरजकर :
मग एक शंका. ही दोघं आधी लढली होती ना? 1906 ला?

खडूफळा :
हो, 26 एप्रिल 1906, मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी गावात, पंधरा फेऱ्या. जॉन्सन गुणांवर जिंकला, आणि स्वच्छ जिंकला. लँगफर्डची उंची साधारण पाच फूट सात इंच, आणि त्या दिवशी तो जॉन्सनहून सुमारे तीस पौंडांनी हलका होता. तो खाली पडला, उठला आणि पंधराही फेऱ्या उभा राहिला. पुढे त्याच्या व्यवस्थापकाने, जो वुडमनने, लँगफर्डनेच जॉन्सनला पाडल्याची कथा पसरवली आणि ती कित्येक वर्षं छापली गेली. लँगफर्ड मोठा ठरायला त्या कथेची गरज नाही. 1903 मध्ये त्याने लाइटवेटचा जगज्जेता जो गॅन्सला हरवलं होतं, लँगफर्डचं वजन जास्त भरल्याने किताब पणाला नव्हता एवढंच. 1904 मध्ये वेल्टरवेटचा जगज्जेता जो वॉलकॉट याच्याशी तो बरोबरीत सुटला. तिथून वर चढत चढत हा माणूस हेवीवेटपर्यंत आला.

उत्तररात्र :
मला 'कंटेंडर'पेक्षा दुसऱ्या शब्दाची काळजी वाटते. इंग्रजी लेखांत त्याला 'ओव्हरलुक्ड' म्हणतात. तो तुम्ही कसा केलात?

खडूफळा :
'दुर्लक्षित'. शीर्षकातच आहे : 'दुर्लक्षित दावेदार'.

उत्तररात्र :
तो बदला, कृपया. दुर्लक्ष नजरचुकीने होतं. लँगफर्डकडे कुणाचंही दुर्लक्ष नव्हतं. बोस्टन, लंडन, पॅरिस, सिडनी, मेलबर्न, सगळीकडे तो तिकिटं खपवत होता. ज्यांनी त्याला लढत दिली नाही ते त्याला नीट बघत होते, म्हणूनच देत नव्हते. याला मराठीत नेमका शब्द आहे : डावलणे. नोकरीत बढती डावलतात, पंगतीत एखाद्याला डावलून वाढतात. समोर माणूस आहे, त्याचा हक्क आहे, हे माहीत असताना बाजूने निघून जायचं. इंग्रजी शब्दात तो हेतू नाही, आपल्या शब्दात आहे. मग तो पुसट का करायचा?

शब्दवेल्हाळ :
'डावलणे' हे 'डाव्या'वरून आले असावे. डावीकडे टाकणे. शुभकार्यात उजवी बाजू मानाची, म्हणून डावी अवमानाची.

मिरजकर :
मला तर ते 'डावा'वरनं वाटतं. डावातनं वगळणं. पत्ते वाटताना एकाला सोडून पुढं गेलं तर आम्ही 'मला डावललं' म्हणून भांडायचो.

शब्दवेल्हाळ :
पत्त्यांचा डाव आणि डावी बाजू हे वेगळे शब्द आहेत. ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती बांधू नये.

मिरजकर :
तुम्ही 'असावे' म्हणून बांधलीच की.

आलापिनी :
व्युत्पत्ती कोणतीही असो, वापराबद्दल उत्तररात्र यांच्याशी मी सहमत आहे. फक्त 'डावलला' म्हटल्यावर वाचक विचारेल, कुणी डावलला? कर्ता द्यावा लागेल. गोऱ्या जगज्जेत्यांची गोष्ट उघड आहे. जॉन एल. सलिव्हनने काळ्या मुष्टियोद्ध्यांशी लढणार नाही असं जाहीरच केलं होतं आणि पुढच्यांनी तीच रेघ धरली. पण जॉन्सन स्वतः कृष्णवर्णीय होता.

उत्तररात्र :
म्हणूनच लेख लिहिण्यासारखा आहे. तेव्हा कारण दिलं जाई की दोन काळ्यांच्या लढतीला गल्ला जमत नाही. पण त्याच जॉन्सनने 19 डिसेंबर 1913 रोजी पॅरिसमध्ये बॅटलिंग जिम जॉन्सनशी किताबाची लढत केली. तो जिमही काळाच होता. आणि त्याच महिन्यात, त्याच पॅरिसमध्ये, लँगफर्डने जो जेनेट या आणखी एका काळ्या मुष्टियोद्ध्याला वीस फेऱ्यांत हरवलं. लँगफर्ड शहरात हजर, फॉर्मात, आणि किताबाची लढत दुसऱ्याला. याला दुर्लक्ष म्हणणार?

मात्र सगळा भार जॉन्सनवर टाकणंही मला अन्यायाचं वाटतं. 1910 मध्ये त्याने रेनोला जेफ्रीज या गोऱ्या माजी जगज्जेत्याला हरवल्यावर अमेरिकेत ठिकठिकाणी काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसं मेली. तो किताब जीव मुठीत धरून सांभाळत होता. तो हरल्यावर 1937 मध्ये जो लुईला संधी मिळेपर्यंत एकाही काळ्या माणसाला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं गेलं नाही. बावीस वर्षं. हॅरी विल्स या काळ्या मुष्टियोद्ध्याने पुढचा जगज्जेता जॅक डेम्प्सी याच्याशी लढतीचे करार केले, तेही कागदावरच राहिले. डावलणारी व्यवस्था होती, जॉन्सन तिच्यातला एक दरवाजा होता.

मिरजकर :
विल्स आणि लँगफर्डची जोड लागली होती का?

उत्तररात्र :
डझनाहून जास्त वेळा. जेनेट आणि सॅम मॅकव्हे यांच्याशीही तसंच. वरचा दरवाजा बंद, म्हणून हे चौघं वर्षानुवर्षं एकमेकांशीच लढत राहिले. पोट त्यावरच होतं.

मिरजकर :
तेच म्हणतोय मी. तुमच्या चर्चेत 'जोड' मागं पडला, पण हा माणूस कळायला तोच शब्द लागतो. त्याची जोड चौघांत लागली आणि पाचव्याबरोबर लागू दिली नाही. गामा 1910 ला लंडनला गेला तेव्हा त्यानंही हॅकेनश्मिट आणि गॉच या तिकडच्या नामांकित पैलवानांना आव्हान दिलं होतं. दोघंही उतरले नाहीत. झिबिस्को उतरला. पहिली कुस्ती बरोबरीत सुटली, आणि दुसऱ्या वेळी तो आलाच नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी होतं, 'गामाला साहेबांच्या देशात जोड मिळाली नाही.' ते 'आव्हान स्वीकारलं गेलं नाही' असं कधी म्हणाले नाहीत. जोड मिळाली नाही यात गामाचा मोठेपणा राहतो. आव्हान स्वीकारलं गेलं नाही म्हटलं की तो दारात उभा राहिलेला याचक वाटतो.

खडूफळा :
हे मला पटलं. पण 'जोड' म्हणजे तुल्यबळ, आणि त्या शब्दात किताब येत नाही. लेखात किताबाचाच प्रश्न आहे.

दूरदेशी :
मी कॅनडात, नोव्हा स्कोशियात राहतो, लँगफर्डचा जन्म इथल्या वेमथ फॉल्सचा. अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिशांच्या बाजूने आलेल्या काळ्या लॉयलिस्टांच्या वंशजांची ती वस्ती. पोरवयात तो घर सोडून बोस्टनला गेला. त्यामुळे लेखात त्याला नुसतं 'अमेरिकन' म्हणू नका.

दुसरं, त्याचं टोपणनाव. 'बोस्टन टार बेबी' तुम्ही कसं केलंय? एका ठिकाणी 'डांबराचं बाळ' असं वाचलं आणि अंगावर काटा आला. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी कातडीवरून ठेवलेलं नाव आहे ते. मराठीत आणून आपण ते नव्याने ठेवल्यासारखं होतं.

खडूफळा :
मी एकदाच, देवनागरीत जसंच्या तसं दिलं आहे आणि ते हिणवणारं होतं असं लगेच म्हटलं आहे. 'वर्ल्ड कलर्ड हेवीवेट चॅम्पियन'चं काय करू? तो किताब त्याने अनेकदा जिंकला होता. संपादकांनी 'अश्वेत' सुचवलं.

आलापिनी :
'अश्वेत' नको. हिंदी बातम्यांतून आलेला आहे हा आक्षेप मी बाजूला ठेवते. जो श्वेत नाही तो, अशी माणसाची व्याख्याच दुसऱ्याच्या रंगावरून केली आहे त्यात.

शब्दवेल्हाळ :
'कृष्णवर्णीय' लिहा. सुबोध, शुद्ध.

उत्तररात्र :
मी बोलताना 'काळा' म्हणतो आणि त्यात मला अनादर दिसत नाही. दलित साहित्यिकांनी अमेरिकन काळ्यांच्या चळवळीकडे बघून 'पँथर' हे नाव घेतलं तेव्हा कुणी 'कृष्णवर्णीय पँथर' म्हटलं नाही. अर्थात किताबाच्या नावात 'कृष्णवर्णीयांचा जागतिक किताब' ठीक आहे. तो किताबच मुळात वेगळी पंगत होती.

दूरदेशी :
शेवटच्या काळाबद्दलही शब्द जपून. 1917 मध्ये फ्रेड फुल्टनशी लढताना त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. दुसरीही मंदावत होती, तरी तो 1926 पर्यंत लढला. 1922 मध्ये जवळजवळ दिसत नसताना त्याने टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं, आणि तो फ्लॉवर्स पुढे मिडलवेटचा जगज्जेता झाला. 1944 मध्ये न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनचा वार्ताहर अल लेनी त्याला शोधायला निघाला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं, तो मेला असेल. तो न्यूयॉर्कच्याच हार्लेममध्ये एका खोलीत होता, आंधळा आणि कफल्लक. बातमी छापल्यावर लोकांनी त्याच्यासाठी निधी उभा केला. 1956 मध्ये तो वारला. या भागाला 'डावलला' लागू पडत नाही. इथे लोक त्याला खरोखर विसरले होते. इथे 'विस्मृत' हवा.

आलापिनी :
आणि दोन्हीच्या मध्ये 'उपेक्षित'? उपेक्षेत माणूस दिसत असतो, पण त्याची कदर नसते.

उत्तररात्र :
लँगफर्डची कदर होती, अडचण तीच होती. 'द रिंग' मासिकाने 2003 मध्ये सर्वकालीन शंभर ठोसेबाजांत त्याला जो लुईच्या मागे दुसरं स्थान दिलं. ही कदर आज नव्याने सापडलेली नाही, त्याच्याशी लढायचं टाळणाऱ्यांना ती तेव्हाच होती. म्हणून लेखात 'पुनर्मूल्यांकन' हा शब्द असेल तर तोही तपासा. मूल्य सगळ्यांना ठाऊक होतं.

मिरजकर :
'ठोसेबाज' चांगला आहे. 'पंचर' लिहिलं असतं तर सायकल आठवली असती. आणि 'त्याचा पंच जबरदस्त होता' असं वाचून आमच्याकडे लोक शिट्टीवाला पंच शोधतील.

खडूफळा :
संपादकांशी बोलले. 'दुर्लक्षित' त्यांनी लगेच काढला, 'डावललेला' त्यांना आवडला. पण 'आव्हानवीर' सोडायला तयार नाहीत. आता शीर्षक 'डावललेला आव्हानवीर' झालं आहे.

आलापिनी :
विरोधाभास म्हणून वाचला तर चालेल कदाचित. आव्हान दिलं, आणि डावललं.

उत्तररात्र :
चालणार नाही. शीर्षकात वाचक विरोधाभास शोधत नाही, तो माहिती घेतो. त्याला वाटेल लढत ठरली आणि ऐनवेळी रद्द झाली.

शब्दवेल्हाळ :
'डावललेला विजेतेपदाकांक्षी'. मी माझ्या शब्दावर ठाम आहे.

दूरदेशी :
शीर्षक ठरेपर्यंत एक नवा प्रश्न. 1910 मध्ये फिलाडेल्फियात लँगफर्ड आणि मिडलवेटचा जगज्जेता स्टॅनली केचेल सहा फेऱ्या लढले. तिथे पंचांनी निकाल द्यायचाच नाही असा रिवाज होता, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आपापला निकाल छापायची. या 'नो डिसिजन'ला काय म्हणायचं? 'अनिर्णित' क्रिकेटमुळे बरोबरीच्या अर्थाने घेतला जातो, आणि ही बरोबरी नव्हे.

मिरजकर :
'निकाली कुस्ती' असते तशी ही 'बिननिकाली'.

शब्दवेल्हाळ :
'बिन' आणि 'निकाल', दोन्ही परकीय.