मदत हवी आहे: इंग्रजीत नकारार्थी वाक्याला दुजोरा कसा द्यायचा?

प्रश्न
कोणी 'आय डोन्ट लाइक इट' म्हटलं आणि मलाही ते आवडत नसेल, तर 'मी टू' चालत नाही एवढं कळलंय. पण 'मी नायदर', 'नायदर डू आय' आणि 'आय डोन्ट आयदर' यांतलं कुठलं कधी वापरायचं? आणि 'डोन्ट यू लाइक इट?' याला 'येस' म्हणायचं की 'नो'?

प्रतिसाद १
तिन्ही बरोबर आहेत, अर्थही एकच. 'मी नायदर' बोलण्यापुरतं ठेवा (हा 'मी' इंग्रजी, योगायोगाने अर्थही तोच!). परीक्षेत बाकीची दोन लिहा.

'नायदर'च्या पोटातच नकार आहे, म्हणून पुढे 'नॉट' नको. शिवाय प्रश्नात येतं तसं सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. त्यामुळे 'नायदर आय डू' चूक आणि 'नायदर डोन्ट आय'ही चूक. 'आयदर'मध्ये नकार नाही, तो क्रियापदाला लावावा लागतो आणि 'आयदर' शेवटी जातो.

सहायक क्रियापद समोरच्याच्या वाक्यातून उचला, पण आपल्या कर्त्याप्रमाणे बदला. 'शी इझन्ट रेडी' याला 'नायदर अ‍ॅम आय', 'ही डझन्ट नो' याला 'नायदर डू आय'.

हमखास फसवतं ते 'आय'ड'. 'आय'ड नेव्हर सीन इट' यात 'हॅड' दडलंय, म्हणून 'नायदर हॅड आय'. 'आय'ड नेव्हर सेल इट' यात 'वुड', म्हणून 'नायदर वुड आय'. पुढचं क्रियापद तिसऱ्या रूपात आहे की मूळ, तेवढं बघा.

'नेव्हर', 'हार्डली', 'सेल्डम' हेही नकारच. उलट 'आय हेट इट' रचनेने होकारार्थी आहे, तिथे 'सो डू आय' किंवा 'मी टू'च.

प्रतिसाद २
येस-नोचं सांगतो. 'तुला आवडत नाही का?' याला मराठीत आपण 'हो, नाही आवडत' म्हणतो. तो 'हो' समोरच्याच्या अंदाजाला असतो. इंग्रजीतला 'येस' किंवा 'नो' आपल्याच पुढच्या वाक्याशी जुळतो. आवडत नसेल तर 'नो, आय डोन्ट', आवडत असेल तर 'येस, आय डू'. साध्या विधानालाही तेच: 'ही इझन्ट कमिंग' हे पटलं तर 'नो, ही इझन्ट'. नुसतं 'येस' म्हणून थांबलात की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, म्हणून शेपूट जोडाच.

'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' हा प्रश्न नकारार्थी नाही, पण 'माइंड' म्हणजे हरकत. बसू द्यायचं असेल तर 'नो, नॉट अ‍ॅट ऑल'.

प्रश्नकर्ता
मग 'आय डोन्ट थिंक ही विल कम' याला 'नायदर विल ही' का?

प्रतिसाद १
नाही. तिथे नकार 'थिंक'ला लागलाय, 'विल'ला नाही. 'नायदर डू आय' किंवा 'आय डोन्ट थिंक सो आयदर'.