खाडीचं पाणी एवढं घाण, मग फ्लेमिंगो इथेच का येतात?

सीवूड्सकर:
मागच्या वर्षी इकडे नवी मुंबईत, ठाणे खाडीजवळ राहायला आलो. जानेवारीपासून जवळच्या तळ्यात फ्लेमिंगो दिसतायत, बघायला भारी वाटतं, पण ओहोटीला खाडीकडून जो वास येतो त्यात आपल्याला दोन मिनिटं उभं राहवत नाही आणि हे पक्षी त्याच चिखलात चोच घालून निवांत. सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणाले पक्षी आले म्हणजे पाणी स्वच्छ झालं. खरंय का? आणि सकाळी तळं गुलाबी आणि दुपारी एकही नाही, असं कसं?

पाणथळ_प्रेमी:
काकांना सांगा, उलटं आहे 😄 ठाणे खाडीत येणारे बहुतेक छोटे रोहित (म्हणजे लेसर फ्लेमिंगो), गडद लाल चोचवाले. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ, आणि ते वाढतं नायट्रोजन-फॉस्फरसवर, जे दोन्ही काठांवरच्या शहरांच्या सांडपाण्यातून आयतं मिळतं. चोच उलटी करून पाण्यात घालायची, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं, चोचीच्या आतल्या बारीक जाळीत शेवाळ अडकतं. गुलाबी रंगही त्यातूनच येतो, पिल्लं राखाडी असतात. नव्वदच्या दशकात शिवडीला मोठे थवे दिसायला लागले, आणि २०१५ मध्ये खाडीचा १६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला. २०२२ ला रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला.

सीवूड्सकर:
म्हणजे सांडपाणी सोडत राहा, पक्षी येत राहतील?

खाडीवाला_कोळी:
दादा ते आम्हाला विचारा. फ्लेमिंगोला चाललं म्हणून सगळ्यांना चालतं का? जिताडा, चिंबोरी, निवट्या, आमच्या वडलांच्या वेळेला जेवढं मिळायचं त्याच्या पाव पण आता नाही, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त. एका पक्ष्याची चंगळ झाली म्हणून खाडी चांगली म्हणायची हे शहरवाल्यांचं गणित. आणि अजून एक, खाडीत गाळ साचत चाललाय आणि त्या गाळावर तिवरं (खारफुटी) पुढे पुढे सरकतायत. तिवरं चांगलीच, पण फ्लेमिंगोला मोकळा चिखल लागतो, झाडीत तो उतरत नाही. जिथे आधी थवे बसायचे तिथे आता काही ठिकाणी तिवरांचं रान आहे.

पाणथळ_प्रेमी:
+१. शेवाळाला पण मर्यादा आहे, त्यात कारखान्यांची रसायनं, जड धातू आले तर तेही पोटात जाणारच.

भरतीचं_टाइमटेबल:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत चरतात, भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग तेवढा वेळ बसायला नेरुळ-सीवूड्सची उथळ तळी लागतात. म्हणजे त्यांना दोन्ही जागा पाहिजेत, एक जेवायला, एक टेकायला. अभयारण्य जाहीर झालं खाडीचं, तळी मात्र बाहेर राहिली, आणि आपल्याकडे उथळ पाणी दिसलं की लोकांना प्लॉटच दिसतो. भरतीचं पाणी तळ्यात येण्याची वाट बुजली की तळं सुकतं किंवा सडतं, २०२४ मध्ये नेरुळला पक्षी मेले तेव्हा याच बंद झालेल्या वाटेवरून ओरड झाली होती. माझं मत विचाराल तर सांडपाण्यापेक्षा मोठा धोका हाच आहे, तळी गेली तर खाडीत कितीही शेवाळ असू दे, भरतीच्या वेळी हे बसणार कुठे?

सीवूड्सकर:
आता कळलं. काकांना हा धागाच पाठवतो. बरं, मुलांना दाखवायचे तर कधी?

खाडीवाला_कोळी:
ऐरोलीहून वनखात्याची बोट असते, सीझनमध्ये, आधी बुकिंग करा. काठावरून बघायचे तर भरतीची वेळ बघून तळ्यावर जा, आणि ड्रोन बिन उडवू नका, थवा उठला की परत बसायला लई वेळ लावतो. पाऊस लागायच्या सुमाराला बहुतेक निघतात कच्छच्या रणाकडे, अंडी तिकडेच घालतात.