डिझेलमध्ये पाणी! थार बंद, लवकर सांगा

माळव्याचा_मावळा:
काल जानापावला निघालो होतो, महूच्या पुढे गाडीने झटके दिले आणि बंद. दिवा लागला होता, मला वाटलं नेहमीचाच. मेकॅनिक म्हणतो डिझेलात पाणी आहे, टाकी उतरवा, इंजेक्टरही गेले असतील, आकडा ऐकून घाम फुटला. पंपवाला हात वर करतोय. फिल्टर बदलून चालवत इंदूरला आणली तर चालेल का? सोमवारी गाडी पाहिजे.

पलासियाकर:
साल कुठलं? दिवा कुठला? डिझेल किती भरलं? भिया, आम्ही ज्योतिषी नाही.

माळव्याचा_मावळा:
2017, सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन. दिवा पिवळा. पंधराशेचं भरलं.

जुनी_जीप:
माझ्या जुन्या डीआय इंजिनच्या जीपला असं झालं की फिल्टरखालचा स्क्रू ढिला करायचा, पाणी सांडायचं, हँडपंप मारून एअर काढायची की निघालो! उगाच घाबरवतात तुम्हाला.

पलासियाकर:
काका, तुमची जीप वेगळी. कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर, आणि इंजिनच्या डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच, पाणी आलं की तो कोरडा घासतो. चालवत आणू नका, टो करा. बंद पडल्यावर सेल्फ किती मारले?

माळव्याचा_मावळा:
दहा-बारा. मग धक्का.

पलासियाकर:
वा.

सराफा_रात्री_बारा:
पेट्रोलमध्ये ते इथेनॉल घालायला लागल्यापासून हेच चाललंय, माझी स्कूटर बघा

पलासियाकर:
इथे डिझेलचं चाललंय हो.

आईसाहेब_राजवाडा:
जानापाव म्हणजे चंबळचा उगम तेच ना? आम्ही कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेला जायचो, फार गर्दी.

चोरलची_वाट:
पंपाला सोडू नका. जून 2025 मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या अशाच बंद पडल्या होत्या, पंप सील झाला. बिल आहे ना? त्यांना डिप-रॉडला, म्हणजे मापाच्या काठीला, वॉटर पेस्ट लावून पंपाची टाकी मोजायला सांगा, तळाला पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. आणि फिल्टरमधलं डिझेल बाटलीत काढून तासभर हलवू नका, पाणी जड, खाली बसेल.

माळव्याचा_मावळा:
केलं. खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल, आणि मधोमध काळपट साय, बाटली तिरकी केली तर ती काचेला चिकटून राहते.

चोरलची_वाट:
साय?? ते जंतू आहेत, पाणी आणि डिझेल भेटतात तिथे वाढतात. एका रात्रीत नाही होत. जुनं डिझेल कुठून आलं टाकीत?

माळव्याचा_मावळा:
कॅरिअरवर जेरीकॅन असतो वीस लिटरचा. पावसाळ्याआधी भरलेला, झाकणाचं वॉशर जरा फाटलंय. परवा टाकीत ओतला, वाया कशाला घालवायचं म्हणून. पण पंपाचंही भरलं होतं!

जुनी_जीप:
आणि पंपवाल्याशी भांडून आलात.

माळव्याचा_मावळा:
थोडंसं.

पलासियाकर:
हे आधी सांगायचं नाही होय? टाकी उतरवून धुवा, लाइन फुंकून घ्या, फिल्टर नवा टाका. इंजेक्टर आधी काढून टेस्ट बेंचवर, म्हणजे तपासणीच्या मशीनवर, चेक करा, न बघता चारही बदलायला हो म्हणू नका. सोमवार विसरा.

माळव्याचा_मावळा:
पंपवाल्यानं पेस्ट लावून दाखवली, रंग तसाच. टो बोलावलाय.

सराफा_रात्री_बारा:
जेरीकॅन विकणार का?