यरुशलेममधील दोन कबरी: यात्रेकरूने काय मानावे?

प्रश्न: नगरची यात्रेकरू

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या गटाबरोबर पवित्र भूमीची यात्रा नुकतीच पार पडली. यरुशलेममध्ये प्रभूची कबर म्हणून आम्हांला दोन ठिकाणे दाखवण्यात आली. जुन्या शहराच्या तटाच्या आत असलेल्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये धूप, टांगलेले दिवे, एकाच वेळी चाललेल्या वेगवेगळ्या पंथांच्या उपासना आणि लांबच लांब रांग होती. कबरीच्या कोठडीत गुडघे टेकतो न टेकतो तोच बाहेर पडावे लागले. दुसऱ्या दिवशी दमास्कस वेशीबाहेरील ‘बागेतील कबर’ पाहिली. तेथे झाडांखाली बसून आम्ही मराठीत उपासना केली, प्रभुभोजन घेतले आणि माझे डोळे भरून आले. परत आल्यावर मात्र वाचनात आले की पुरातत्त्वज्ञ या दुसऱ्या कबरीला प्रभूची कबर मानत नाहीत.

एका ठिकाणी इतिहासाचा आधार होता, पण माझे मन कोरडे राहिले. दुसऱ्या ठिकाणी मन भरून आले, पण आधार नव्हता. मग त्या बागेतील माझी प्रार्थना कशावर उभी होती? लवकरच मंडळीपुढे यात्रेचा वृत्तांत सांगायचा आहे. ज्या वडीलधाऱ्यांना तेथे कधीच जाता येणार नाही, त्यांना काय सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल?

उत्तर: इतिहासाचा विद्यार्थी

ताई, आधी पुराव्याविषयी लिहितो. बागेतील कबरीचा बोलबाला झाला तो 1883 नंतर, जनरल गॉर्डन या इंग्रज अधिकाऱ्याने शेजारच्या टेकडीचा कवटीसारखा आकार पाहून तीच गुलगुथा, म्हणजे प्रभूला वधस्तंभावर खिळले ती ‘कवटीची जागा’, असावी असे मांडले तेव्हापासून. त्या कबरीची घडण मात्र इसवी सनापूर्वीच्या आठव्या-सातव्या शतकातील कबरींसारखी आहे, आणि शुभवर्तमान तर अजून कोणालाही ठेवलेले नव्हते अशा नव्या कबरीविषयी बोलते.

पवित्र कबरीच्या चर्चविरुद्ध नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की प्रभूने वेशीबाहेर मरण सोसले आणि हे चर्च तर शहराच्या आत आहे. परंतु ती जागा तटाच्या आत आली ती राजा हेरोद अग्रिप्पाने इसवी सन 41 ते 44 च्या सुमारास उत्तरेकडे नवा तट बांधायला घेतला तेव्हा, म्हणजे प्रभूच्या मरणानंतर सुमारे दहा वर्षांनी. त्यापूर्वी तेथे दगडाची जुनी खाण होती आणि तिच्या खडकात कबरी खोदलेल्या होत्या. त्या काळाच्या पद्धतीची अरुंद कोनाडी असलेली एक कबर आजही त्याच चर्चमध्ये, सिरियन लोकांच्या प्रार्थनास्थानामागे, पाहायला मिळते. पुढे रोमी सम्राट हाद्रियानच्या काळात या जागेवर मूर्तिपूजकांचे मंदिर उभे राहिले. चौथ्या शतकात ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाईनच्या आज्ञेवरून ते पाडण्यात आले आणि 335 मध्ये चर्चचे समर्पण झाले. मला सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट ही, की कोणाला मनाने जागा ठरवायची असती तर त्याने शहराच्या मध्यभागी, मंदिराखाली गाडलेली जागा कधीच निवडली नसती. शुभवर्तमानाशी सहज जुळेल अशी तटाबाहेरची जागा दाखवली असती. तेथील ख्रिस्ती लोकांची आठवण तेवढी घट्ट होती, असेच मानावे लागते.

2016 मध्ये दुरुस्तीसाठी कबरीवरील संगमरवरी फरशी सरकवण्यात आली, तेव्हा खाली आणखी एक जुनी फरशी निघाली आणि तिच्याखालचा चुना इसवी सन 345 च्या सुमाराचा ठरला. एवढ्याने ती कबर प्रभूचीच हे सिद्ध होत नाही. कॉन्स्टंटाईनच्या काळी जिचा मान राखला गेला ती हीच, एवढे मात्र ठामपणे म्हणता येते.

उत्तर: वसईकर

वरील माहितीशी मी सहमत आहे. मला बोलायचे आहे ते ताईंच्या कोरड्या राहिलेल्या मनाविषयी. ग्रीक, आर्मेनियन, कॉप्टिक या उपासना आपल्या कानांना अनोळखी आहेत आणि अनोळखी गोष्टीत मन लगेच रमत नाही. त्यात आपल्या श्रद्धेचे काही उणे नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची एक स्त्री दूर पश्चिमेकडून येथे यात्रेला आली होती. प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत त्याच जागी वाचला जाताना लोक कसे हुंदके देत, हे तिने लिहून ठेवले आहे. 1009 मध्ये खलिफा अल-हाकिमने ते चर्च पाडले, तरी यात्रेकरू येतच राहिले आणि ते पुन्हा बांधले गेले. आपण ज्या रांगेत उभ्या होतात, ती रांग सोळाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. पुन्हा कधी योग आला तर गटाच्या वेळापत्रकातून थोडी सवड काढून पहाटे, दार उघडताच जा; तेव्हा गर्दी फार कमी असते.

आणि बागेतील प्रार्थनेविषयी म्हणाल, तर ती पुनरुत्थित प्रभूपुढे केलेली होती, खडकापुढे नव्हे. त्या कबरीच्या दारावरही ‘तो येथे नाही, तो उठला आहे’ हेच वचन लिहिलेले आहे. तिचा सांभाळ करणारी संस्थासुद्धा हीच ती जागा असा हट्ट धरत नाही.

उत्तर: गालीलची आठवण

वृत्तांताविषयी माझी एक सूचना आहे. सर्व ठिकाणे एकाच खात्रीने सांगू नयेत, आणि शंका येतील या भीतीने सर्वांवर ‘कदाचित’चा शिक्काही मारू नये. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमचे उदाहरण घ्या. तेथील सभास्थानाचे पांढरे खांब पाहून प्रत्येक जण भारावतो, पण ती इमारत प्रभूच्या काळानंतर काही शतकांनी बांधलेली आहे. तिच्या पायाशी दिसणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंती त्याहून जुन्या आहेत. तेथून थोड्याच पावलांवर पेत्राचे म्हणून दाखवले जाणारे घर आहे. 1968 पासून फ्रान्सिस्कन संशोधकांनी केलेल्या उत्खननात असे दिसले, की त्या साध्या घरातील एका खोलीला फार लवकर चुन्याचा गिलावा देण्यात आला, भाविकांनी त्यावर प्रार्थना कोरल्या आणि पाचव्या शतकात नेमके त्याच खोलीवर अष्टकोनी चर्च उभारण्यात आले. एवढे सांगितले, की ऐकणारे वडीलधारे स्वतःच जाणतात की कोणत्या गोष्टीवर किती भार टाकायचा. सरोवराला मात्र कोणाच्याही साक्षीची गरज नाही; ते आहे तेथेच आहे, आणि माझ्या मते यात्रेत सर्वाधिक वेळ त्याच्या काठी द्यावा.

प्रश्नकर्ती: नगरची यात्रेकरू

सर्वांचे मनापासून आभार. अग्रिप्पाच्या तटाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. ‘वेशीबाहेर’ हे वचन वाचून मीही तीच शंका घेऊन परतले होते. वृत्तांतात दोन्ही कबरींचा उल्लेख करीन, कोणत्या कबरीला कशाचा आधार आहे हे स्पष्ट सांगीन, आणि बागेत आम्ही म्हटलेले गीत मंडळीबरोबर पुन्हा म्हणेन. पेत्राच्या घरातील त्या कोरलेल्या प्रार्थना कोणत्या भाषांत आहेत, हे कोणी सांगू शकेल का? मुलांच्या रविवारच्या वर्गात तोच प्रश्न सर्वांत आधी येईल.

उत्तर: गालीलची आठवण

बहुतेक ग्रीक भाषेत आहेत. काही अरामी आणि सिरियाक भाषांतही आहेत. गिलाव्याचे तुकडे झालेले असल्यामुळे बरीच वाक्ये अर्धवट उरली आहेत, आणि काहींच्या वाचनाबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.