पीबीएसमध्ये पेप्टाइड गढूळ होतंय: पीएच बदलू की बफर?

प्रश्न
१८ अमिनो आम्लांचं लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं) पेप्टाइड, टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल) क्षार, कुपीत ५ मिग्रॅ. लायसिन २, आर्जिनिन १, अस्पार्टिक व ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी १, मेथिओनिन १. एन-टोक मोकळं, सी-टोक अमाइड. बाकी बहुतेक जलविरोधी. पीएच ७.४ च्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) थेट २ मिग्रॅ/मिली केलं की दुधाळ होतं. सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी हलवून) निवळतं, पण उणे २० ला गोठवून वितळवलं की तळाशी पांढरे कण.

उत्तर १
पीएचला हात लावू नका. ७.४ ला निव्वळ विद्युतभार सुमारे +२ येतो, म्हणजे पीआय (ज्या पीएचला हा भार शून्य होतो) ७.४ च्या वरच आहे. गोची मिठाची आहे. पीबीएसमधलं १३७ मिलिमोलर सोडियम क्लोराइड भार झाकतं, रेणूंमधलं अपाकर्षण कमी होतं आणि जलविरोधी भाग एकमेकांना चिकटतात.

कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावडर ओल धरते. ०.५ मिली निर्जंतुक पाणी घाला, हलकेच फिरवा. टीएफएमुळे हे द्रावण आम्लधर्मी असतं, ते इथे पथ्यावरच पडतं. पूर्ण पारदर्शक झालं की ४.५ मिली पीबीएस ढवळत ठेवून त्यात थेंब थेंब सोडा. उलट, म्हणजे पीबीएस पेप्टाइडमध्ये, नको. शेवटी १ मिग्रॅ/मिली मिळेल. पीएच पट्टीने तपासा. तरीही गढूळ झालं तर तुमची मर्यादा त्याखाली आहे, आणखी पातळ करा. सोनिकेशनने निवळलेलं म्हणजे विरघळलेलं असं नाही. बारीक पुंजके डोळ्यांना दिसत नाहीत. सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं प्रमाण मोजा.

उत्तर २
वितळवल्यावर दिसणाऱ्या कणांचं कारण वेगळं. सोडियम फॉस्फेट गोठताना डायसोडियम क्षार आधी स्फटिक होतो आणि उरलेल्या द्रवाचा पीएच बराच घसरतो. त्यात मीठ आणि पेप्टाइड दोन्ही दाट होतात. म्हणून साठ्याचं द्रावण पाण्यातच करून ठेवा: छोटे भाग, लो-बाइंड (पेप्टाइड कमी चिकटणाऱ्या) नळ्या, उणे ८०. वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. पीबीएसमध्ये मिसळायचं ते वापराच्या दिवशीच.

प्रश्नकर्ता
पाण्यातही नाही विरघळलं तर डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक)?

उत्तर १
मेथिओनिन आहे ना? डीएमएसओ ते ऑक्सिडाइझ करू शकतं. आधी १० टक्के ॲसेटिक आम्ल बघा, भार धन असल्याने बहुधा काम होईल. पेशींवर वापरायचं असेल तर त्याच आम्लाचं, पेप्टाइडविना, कंट्रोल (तुलनेचा नमुना) घ्या.

उत्तर ३
आणखी एक, सगळे विसरतात ते: कुपीतल्या ५ मिग्रॅमध्ये टीएफए आणि पाणीही धरलेलं असू शकतं. विश्लेषण पत्रकावरची निव्वळ पेप्टाइडची टक्केवारी ८० असेल तर खरं वजन ४ मिग्रॅ. मोलर प्रमाण त्यावरूनच काढा.