ॲपचा डेटा आधी फोनमध्ये ठेवायचा की थेट क्लाउडवर? कळमन्याच्या पट्टीवरून आमचं भांडण

पट्टीवाला (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, भांडण सोडवून घ्यायला आलो म्हणतो पण खरं म्हणजे माझ्या बाजूने माणसं गोळा करायला आलो आहे. मी आणि माझा पार्टनर नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी अँड्रॉइड ॲप बनवून राहिलो. काम ऐकायला साधं आहे, शेतकऱ्याचा माल उतरला, क्रेट मोजले, लिलावात भाव निघाला, हमाली-तोलाई कापून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. दोन मुनीम, दोन फोन, आणि मालक तिसऱ्या फोनवर पाहणार.

माझं म्हणणं असं की आंबिया बहाराच्या सीझनमध्ये शेडखाली इतकी गर्दी होते की फोनवर चार कांड्या दिसतात पण पान काही उघडत नाही, आणि तेव्हा समोर शेतकरी उभा असते, त्याची गाडी परत काटोलला जायची असते. म्हणून पट्टी आधी फोनमधल्या एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) लिहायची, वरून रूम (एसक्यूलाइट सोपं करणारी गूगलची लायब्ररी) वापरायची, सर्व्हरला नंतर सावकाश पाठवायची. छापायचा पट्टी नंबर मात्र दोन फोनवर एकच येऊ नये म्हणून सर्व्हरकडून घ्यायचा. पार्टनर म्हणते फायरस्टोअर (गूगलचा क्लाउड डेटाबेस) लाव, ऑफलाइन त्यात आयतंच येते, गिरणी समोर असताना तू घरी जातं काहून फिरवून राहिला.

एक गोष्ट सांगतो मग तुम्ही बोला. एसक्यूलाइट निघालं ते २००० साली, रिचर्ड हिप हा माणूस तेव्हा अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होता. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की यांचं सॉफ्टवेअर ठप्प, स्क्रीनवर फक्त ‘डेटाबेसशी कनेक्ट होता येत नाही’, आणि शिव्या ह्याला. तेव्हा त्याला वाटलं की मधला सर्व्हरच काढून टाकावा, थेट डिस्कवरच्या फाइलमधून वाचावं आणि लिहावं. आता मला सांगा, युद्धनौकेवर जो प्रॉब्लेम होता तोच कळमन्यात आहे की नाई?

क्लाउडभाऊ
युद्धनौका वगैरे ठीक आहे राजेहो, पण ‘नंतर सावकाश पाठवायची’ हे तीन शब्द तुम्ही ज्या सहजतेनं लिहिले त्यावरून समजते की तुम्ही सिंक (फोन आणि सर्व्हरवरचा डेटा जुळवणं) कधी लिहिलं नाही. एका फोनवरून पट्टी गेली, सर्व्हरवर पोचली, पण उत्तर यायच्या आधी नेट गेलं, फोनने पुन्हा पाठवली, आता एकाच मालाच्या दोन पट्ट्या. मुनीमाने दुपारी दुरुस्ती केली, मालकाने दुसऱ्या फोनवर तीच पट्टी बदलली, कोणाची खरी? वेळ पाहून ठरवणार म्हणाल तर एका फोनचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे. डिलीट केलेली नोंद दुसऱ्या फोनवरून जिवंत होऊन परत येते ती वेगळीच. हे सगळं करायला गूगलची टीम बसली आहे, आणि फायरस्टोअरमध्ये दिवसाला ५०,००० रीड आणि २०,००० राइट फुकट आहेत, तुमच्या अडत्याला एवढे जन्मात लागणार नाहीत.

आणि मेन गोष्ट. फोन हौदात पडला तर? फोनमधलं एसक्यूलाइट फोनसोबतच बुडते.

फ्लटरवाली
क्लाउडभाऊ, फायरस्टोअरचं ऑफलाइन आयतं येतं हे अर्धंच खरं. माझ्या पहिल्या ॲपचं सांगते, चूक माझीच होती. सेव्ह बटणावर मी लिहिण्याच्या ओळीला अवेट (काम होईपर्यंत थांब ही सूचना) लावला आणि ते झालं की ‘सेव्ह झालं’ दाखवायचं असं केलं. घरी वायफायवर झकास. गावात गेल्यावर बटण दाबलं की चक्र फिरतंय ते फिरतंयच, कारण नोंद फोनच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) लगेच जाते पण सर्व्हरचा होकार आल्याशिवाय ते अवेट सुटतच नाही. लोकांनी काय केलं असेल? ॲप बंद केलं, उघडलं, पुन्हा तीच नोंद. एका बाईंच्या नावावर चार वेळा तीच नोंद. नेट आल्यावर चारही वर गेल्या, शिस्तीत.

शिवाय ट्रॅन्झॅक्शन (वाचून-लिहून एका दमात करायचे बदल) ऑफलाइन चालतच नाहीत, फेल होतात. आणि फोनमध्ये असतो तो कॅश, मर्यादा मुळात १०० एमबी, ती वाढवता येते पण जुनं काय ठेवायचं नि काय काढायचं ते ती ठरवणार, तुम्ही नाही. मुनीमाला मागच्या वर्षीची पट्टी शेडमध्ये उभ्या उभ्या हवी असेल तर?

क्लाउडभाऊ
अवेट काढणं एका ओळीचं काम आहे ताई. एका ओळीसाठी आख्खं सिंक इंजिन लिहायचं का? न पाठवलेल्या नोंदी कॅशमधून निघत नाहीत, तेही सांगा ना.

फ्लटरवाली
निघत नाहीत, मान्य. पण सिक्युरिटी रूलमध्ये (कोणाला काय लिहिता येईल ते नियम) गडबड असेल तर नेट आल्यावर सर्व्हर ती नोंद नाकारतो आणि फोनवरून ती गुपचूप गायब होते, तोवर शेतकरी पट्टी घेऊन घरी पोचलेला.

तर्री_जास्त
कायले एवढं? दोन मुनीम आहेत भाऊ, दोनशे नाई. नोंदींचं जेसन (साधा मजकूर) बनवा, अँड्रॉइडच्या शेअर्ड प्रेफरन्समध्ये टाका, झालं. मी तीन ॲप असेच चालवून राहिलो.

जुना_डीबीए
तर्रीभाऊ, चालवा, पण सीझनभर पट्ट्या साठल्या की बघा. शेअर्ड प्रेफरन्स म्हणजे एक एक्सएमएल फाइल, ती पूर्ण मेमरीत येते आणि एक अक्षर बदललं तरी पूर्ण पुन्हा लिहिली जाते. त्यातलं अप्लाय फंक्शन बॅकग्राउंडला लिहिते म्हणून खूश होऊ नका, स्क्रीन सोडताना ते लिहिणं संपायची वाट स्क्रीन चालवणारा मेन थ्रेडच पाहतो आणि मग ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ची पाटी. गूगल स्वतःच आता डेटास्टोअर वापरा म्हणते, आणि तेही सेटिंगसाठी, भाषा कुठली, प्रिंटर कोणता, एवढ्यापुरतं. हिशेबाची जागा ती नाही.

आता एसक्यूलाइटवाल्यांनो, तुम्हीही फार नाचू नका. मी काही वर्षांआधी एका कृषी केंद्रवाल्यासाठी उधारीचं ॲप केलं होतं, मग आजूबाजूच्या अकरा दुकानांनी घेतलं. एक कॉलम वाढवायचा होता, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर. व्हर्जन तीनचं चार केलं, मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) लिहिलं नाही, आणि कोडमध्ये टेस्टिंगच्या वेळची एक ओळ तशीच राहिलेली, फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन. नावातच विनाश आहे तरी मला दिसला नाही. मायग्रेशन सापडलं नाही की रूम सगळे टेबल पाडून कोरे बनवते. शुक्रवारी संध्याकाळी अपडेट टाकलं. शनिवारी सकाळी पहिला फोन, ‘काय हो भाऊ, सरकारनं सगळ्यायची उधारी माफ केली का?’ मी हसलो आधी. मग तीन रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या पीडीएफ उघडून उघडून हातानं भरत बसलो.

बॅकअपच्या फाइलनं वाचवलं नाही का? तर बॅकअप म्हणून मी फक्त मुख्य फाइल कॉपी करत होतो. रूम बहुतेक फोनवर वॉल (राइट-अहेड लॉग) मोड लावते, त्यात ताज्या नोंदी आधी बाजूच्या वॉल फाइलमध्ये जातात आणि मुख्य फाइलमध्ये मागाहून उतरतात. म्हणजे माझ्या बॅकअपमध्ये नेमकी शेवटची उधारी नव्हती. आणि पैसे दशांशात ठेवू नका रे बाबा, पूर्णांकात पैसे ठेवा, नाहीतर पट्टीची बेरीज एका पैशानं हलते आणि शेतकरी तो एक पैसा पकडतोच.

क्लाउडभाऊ
बघा! माझ्या बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा एसक्यूलाइटवाल्यानंच लिहिला. क्लाउडवर असतं तर तीन रात्री झोपला असता.

जुना_डीबीए
झोपलो असतो, पण तुमच्या क्लाउडचंही ऐका. रिअल्म आठवतं, फोनमधला तो दुसरा डेटाबेस? किती जणांनी सांगितलं होतं, सिंक आयतं येते. मोंगोडीबी कंपनीने २०१९ मध्ये विकत घेतलं, सप्टेंबर २०२४ मध्ये डिव्हाइस सिंक बंद करणार म्हणून जाहीर केलं, ३० सप्टेंबर २०२५ ही शेवटची तारीख. वर्षभरात घर बदला. एसक्यूलाइटवाले २०५० पर्यंत सांभाळू म्हणतात आणि कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे. तोवर मी राहीन का नाही ते माहीत नाही.

मुनीमाचा_पोरगा
माझा बाप इतवारीत धान्याच्या दुकानावर मुनीम होता म्हणून बोलतो. तुम्ही लोक दोन फोनवर एकच पट्टी नंबर आला तर काय म्हणून घाबरून राहिले. कागदावर हे भांडण कधीच नव्हतं. दोन मुनीम असले तर दोन पट्टीबुकं, एकाची अ सिरीज, दुसऱ्याची ब. अ-४१२ आणि ब-४१२ दोन्ही सुखानं राहतात, संध्याकाळी मालक दोन्ही बुकं घेऊन रोकडवहीत उतरवतो. तेच सिंक ना?

पट्टीवाला
मुनीमाच्या पोराला आमच्याकडून तर्री-पोहे! आम्ही आतमध्ये यूयूआयडी (फोननंच बनवलेला, दुसऱ्या कुठल्या पट्टीला न येणारा आयडी) ठेवलाच होता, पण छापायच्या नंबरासाठी सर्व्हरची वाट पाहत होतो, हे आम्हाला चार आठवड्यांत सुचलं नाही. क्लाउडभाऊंची दोन वेळा पाठवायची भीतीही त्या यूयूआयडीनंच जाते, तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा आला की सर्व्हर नुसती मान हलवते, नवी नोंद करत नाही.

रविवारी मार्केट बंद असताना दोघं गाळ्यावर बसलो. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर, चाळीस खोट्या पट्ट्या, मधेच ॲप फोर्स स्टॉप, मग नेट चालू. चाळीसच्या चाळीस वर गेल्या, दोन वेळा एकही नाही. पार्टनर गप्प होता, तो गप्प राहिला म्हणजे मी जिंकलो असं धरतो. फोन हौदात पडला तर त्या दिवशीच्या न गेलेल्या पट्ट्या बुडतील हे मात्र खरं आहे, त्यासाठी शेतकऱ्याच्या हातातली छापील पट्टी हाच बॅकअप. अडत्या म्हणे, ‘आजवर तसंच तर चालून राहिलं.’

क्लाउडभाऊ
डिलीटचं काय केलं ते गिळलं तुम्ही.

पट्टीवाला
पट्टी डिलीट होतच नाही. पट्टीबुकातलं पान कोणी फाडत नाही, त्यावर ‘रद्द’ लिहितात. तसाच एक कॉलम आहे.

क्लाउडभाऊ
आणि मालकानं एका फोनवर भाव सुधारला, मुनीमानं दुसऱ्यावर क्रेट कमी केले, दोन्ही ऑफलाइन, तर?

पट्टीवाला
त्याच्यावरूनच आज सकाळी पुन्हा भांडलो. पार्टनर फोन उचलून नाई राहिला.